‘उन्हानं कोणी दवाखान्यात जाते काय?’

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा सात वर्षांचा. मे महिन्यात एका सकाळी तो चुलत भावंडांसोबत गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर पोहायला गेला. दहाला गेलेली पोरं दीडला परतली, तीही उघड्या अंगानं. संध्याकाळी त्याला अंगावर शर्ट सहन होईना. पाठ आणि खांदे तापलेले, हात लावला की ओरडायचा. रात्री शंभर ताप होता. सासूबाईंनी पाठीवर लोणी चोळलं, दिरांनी खांद्याला टूथपेस्ट लावली. नागपूरच्या नणंदेनं फोनवर ‘माझ्याकडची ट्यूब पाठवते’ म्हणून सांगितलं. ताईंना चौदा किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं होतं. यजमान म्हणाले, “उन्हानं कोणी दवाखान्यात जाते काय?” सकाळी डाव्या खांद्यावर चवळीच्या दाण्याएवढे दोन फोड दिसले. पाच-सहा दिवसांत साल निघाली, पोरगं खेळायला लागलं. पण तेव्हापासून घरात ताईंना ‘घाबरट’ हे नाव पडलं आहे. त्या विचारतात : माझं चुकलं का? पुढच्या वेळी ओळखायचं कसं? आणि सासूबाई म्हणतात तसं, ‘आपल्या काळ्या कातडीले ऊन काय करते’, हे खरं का?

ताई,

सगळे झोपल्यावर तुम्ही लोणी पुसून काढलंत आणि उजाडेपर्यंत ओलं फडकं बदलत बसलात, असं पत्रात लिहिलंय. त्या रात्री पोराच्या उपयोगाचं काही झालं असेल तर ते एवढंच. ‘घाबरट’ हा शब्द मनातून काढून टाका.

पण यजमानांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पोरगं पाणी पीत होतं, बोलत होतं, लघवीला जात होतं, ताप शंभर होता. एवढ्यावर रात्री चौदा किलोमीटर जायची गरज नव्हती. सकाळी फोड दिसल्यावर आशाताईंना दाखवलं असतं तरी पुरलं असतं. माझी काळजी त्यांच्या कारणाची आहे. ‘उन्हानं कोणी दवाखान्यात जात नाही’ हे कारण खरं नाही, आणि पुढच्या वेळी तेच कारण पोराच्या जिवावर येऊ शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षं यवतमाळ आणि गडचिरोलीच्या उपकेंद्रांत काढली. तेंदूपत्त्याच्या हंगामातली एक दुपार मला अजून आठवते. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला बैलबंडीवर घालून आणलं होतं. मान आणि खांदे भाजलेले. आईबाप पाठ दाखवत होते, आजी पाठ दाखवत होती, मीही पाठच बघत बसले. फोड किती, कुठे, काय लावू. पोर गप्प होती, मला वाटलं शहाणी आहे. मग आई सहज म्हणाली, सकाळपासून ही लघवीला गेलीच नाही. तेव्हा कुठे मी तिचं तोंड बघितलं. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, नाव विचारलं तर उत्तर उशिरा येत होतं. गाडी मिळाली, सलाइन लागलं, पोर वाचली. पण ती पहिली दहा मिनिटं मी कातडीवर घालवली होती, आणि दुखणं आत होतं.

तुमच्या घरातही त्या रात्री सगळा वाद पाठीवर झाला. लोणी की टूथपेस्ट, डाग राहील की जाईल. पोर कसं आहे, हे फक्त तुम्ही बघत होतात.

एकच ऊन दोन वेगवेगळी दुखणी देतं. आपल्याकडे ‘ऊन लागलं’ म्हणतात ते उष्णतेचं दुखणं. शरीराला आपली गरमी बाहेर टाकता येत नाही, पाणी आणि मीठ संपतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस बडबडायला लागतं. कातडी भाजते ती मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. म्हणूनच तर तलावात पोरांना काही कळलं नाही. पाणी गार, वारा गार, मजा चाललेली, आणि वरून पाठ भाजत होती. पाण्याबाहेर राहिलेल्या खांद्यांना पाण्याचा काही आडोसा नसतो, आणि वीतभर पाण्याखालीही हे किरण पोचतात. आणखी एक फरक आहे. उकाडा सगळ्यात जास्त जाणवतो तो तीन-चारच्या सुमाराला. हे किरण सगळ्यात तीव्र असतात ते सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे सव्वाबाराच्या आसपास. ‘अजून तापलं कुठे’ असं वाटतं त्याच वेळी कातडी सगळ्यात जास्त भाजते.

दोन्ही दुखणी एकटी येतात तशी जोडीनंही येतात. भाजलेल्या कातडीतून अंगातलं पाणी जास्त जातं, आणि तशी कातडी अंग थंड ठेवायच्या कामातही कमी पडते. म्हणून पाठ भाजलेल्या पोराकडे दोन प्रश्न घेऊन बघायचं. कातडी किती भाजली हा एक, आणि पोर आतून कसं आहे हा दुसरा. दवाखान्याची घाई बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरते.

संध्याकाळी पाठ बघून ‘एवढंच तर आहे’ म्हणण्यातही घाई होते. उन्हाचं भाजणं चुलीच्या चटक्यासारखं तिथल्या तिथे दिसत नाही. लाली आणि आग दोन ते सहा तासांनी सुरू होते आणि पुढचे बारा ते चोवीस तास वाढतच जाते. फोड यायचेच असतील तर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतात. तीन-चार दिवसांत आग शमते, मग साल निघू लागते. तुमच्याकडे हुबेहूब हेच झालं. म्हणून दवाखान्यात जायचं की नाही हे एकदाच ठरवून भागत नाही. झोपायच्या आधी, मध्यरात्री एकदा, सकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी पोराला पुन्हा बघायचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, हे खरं आहे. पण ती भाजत नाही, हे खोटं. तिच्यावर लाली दिसत नाही, एवढाच काय तो फरक. तिथे तांबूस-काळपट झाक येते, आणि कितीकदा नुसतं काळवंडलं म्हणून सोडून दिलं जातं. डोळ्यांवर विसंबू नका, हाताच्या पाठीनं बघा. आजूबाजूपेक्षा तो भाग गरम लागतो का, ताणल्यासारखा वाटतो का, हलका हात लावला तरी पोरगं आखडतं का. सासूबाई उन्हातच वाढल्या आणि धडधाकट राहिल्या, हे मला मान्य आहे. पण त्या वावरात डोक्यावर पदर आणि पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून राबल्या असणार. साडेतीन तास उघड्या पाठीनं पाण्यात नव्हत्या. त्यांना हे असंच सांगून बघा, त्यात त्यांच्या अनुभवाचा मानही राहतो.

घरी करायचं काय, तर सगळ्यात आधी सावली आणि साधं थंड पाणी. साधं म्हणताना आपल्याकडे एक सांभाळावं लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं. नळ सोडून पोराला सरळ त्याखाली बसवू नका. विहिरीचं, हापशीचं किंवा सकाळी भरून सावलीत ठेवलेल्या बादलीतलं पाणी घ्या. दहा-पंधरा मिनिटं अंगावर हळूहळू ओता, किंवा मऊ सुती फडकं भिजवून ठेवा. असं दिवसातून तीन-चार वेळा करा. साबण नको, घासणं नको. नंतर टिपून घ्या, पूर्ण कोरडं करू नका. बर्फ तर लावूच नका, आधीच भाजलेल्या कातडीला त्यानं आणखी इजा होते. तुम्ही रात्रभर फडकं ठेवलंत त्याचं मला कौतुक आहे. पण कूलर चालू असेल आणि ओल्या अंगाचं पोरगं कुडकुडायला लागलं, तर थांबायचं आणि कोरडी चादर टाकायची. हुडहुडी भरली की अंग उलट जास्त तापतं.

लोणी, तूप, तेल पहिल्या दोन दिवसांत नको. स्निग्ध थर गरमी आत कोंडतो, त्यावर धूळ बसते, आणि दवाखान्यात न्यावं लागलंच तर ते आधी पुसून काढावं लागतं, त्याचा त्रास पोरालाच होतो. टूथपेस्ट पुदिन्यामुळे थंड वाटते, पण कातडी चुरचुरते. हळदीनं लाली झाकली जाते, मग आग वाढली की उतरली तेच कळत नाही. लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर त्यानंच फोड येतात आणि महिनोन्महिने काळे डाग राहतात. कोरफड चालते, पण पान कापून आधी उभं धरा, सालीजवळचा पिवळा चीक निथळू द्या, गर धुऊन घ्या आणि कातडी फुटलेली नसेल तिथेच लावा. कॅलामाइन लोशन किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझरही चालतं. खोबरेल तेल साल निघायच्या दिवसांत, आग पूर्ण शमल्यावर लावा. सुटणारी साल ओढू नका, आणि पोरालाही ओढू देऊ नका.

फोड फोडायचे नाहीत. वरची पातळ कातडी हीच त्याची स्वच्छ पट्टी असते. आपोआप फुटला तर स्वच्छ पाणी आणि सौम्य साबणानं धुऊन धुतलेलं सुती कापड सैल बांधायचं. वर पावडर टाकायची नाही.

नणंदेच्या ट्यूबविषयी थोडं कडकच बोलते. गावोगावी खाजेसाठी म्हणून ज्या ट्यूबा मिळतात, त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. लहान मुलाच्या भाजलेल्या पाठीवर डॉक्टरांनी न सांगता ते लावायचं नाही. दुसऱ्याच्या घरातली अर्धी वापरलेली ट्यूब तर नाहीच.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. मुलाच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमचा मुलगा २० किलोचा असेल तर एका वेळी २०० ते ३००. बाटलीवर मात्र नीट बघा. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं औषध मिळतं आणि २५० असलेलंही. दुसऱ्यातलं ५ मिलिलिटर त्याला बस्स होईल, पहिल्यातलं १० लागेल. बाटलीसोबत येणाऱ्या मापानंच द्या, घरचा चमचा नको. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. किराणा दुकानातून डोकेदुखीची गोळी आणून अर्धी करून देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नसतं. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. आणि आयबुप्रोफेन अंगातलं पाणी कमी झालेल्या पोराच्या किडनीवर ताण देतं, तेही डॉक्टरांना विचारूनच.

पाणी घोटाघोटानं, पण सारखं द्या. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, आंबील, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, जे पोरगं आवडीनं पिईल ते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा, अर्धं पाकीट ग्लासात नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. आशाताईंकडे पाकिटं असतात, मागून दोन घरात ठेवा. आणि लघवीवर लक्ष ठेवा. सहा-आठ तास झालीच नाही, किंवा गर्द पिवळी झाली, तर पोराला पाणी पुरत नाहीये.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जायचं कधी.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर फोड असोत-नसोत, त्याच दिवशी दाखवा. त्याबद्दल घरात चर्चाही नको. वेचणीला नाहीतर निंदणाला जाताना धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून बाळ निजवतात, आणि तासाभरात सावली सरकून ऊन बाळाच्या तोंडावर येतं. अशी बाळं मी पाहिली आहेत. बाभळीची विरळ सावली तशीही फारशी कामाची नसते.

मोठ्या मुलाला त्याच दिवशी न्यायचं ते असं असेल तेव्हा : फोड आलेला भाग त्याच्या स्वतःच्या पंज्यापेक्षा मोठा आहे, किंवा फोड चेहऱ्यावर, तळहातावर, लघवीच्या जागी आहेत. तोंड सुजलं आहे. डोळे दुखतात, उजेड सहन होत नाही. ताप १०२ च्या वर गेला आहे किंवा थंडी वाजते आहे. उलट्या होताहेत आणि पोटात पाणी ठरत नाही. औषध देऊनही दुखणं इतकं आहे की झोप लागत नाही. दोन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं आहे, फोडात पू दिसतो, किंवा जखमेपासून लाल रेघ वर चढते आहे. यातली एक गोष्ट दिसली तरी निघा, सगळ्या दिसायची वाट बघू नका.

आणि पोरगं सुस्त पडलं, हाका मारल्या तर नीट ओ देत नाही, असंबद्ध बोलतं, झटका आला, किंवा अंग चटका बसेल असं तापलं आणि ताप १०४ च्या वर गेला, तर ते भाजणं राहिलं नाही, ते ऊन लागणं आहे. तिथे सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत असते. पण गाडी येईपर्यंत नुसतं थांबू नका, थंड करणं तिथेच सुरू करा. कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंख्यानं किंवा सुपानं सारखा वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. या तापाला पॅरासिटामॉल लागू पडत नाही, त्यात वेळ घालवू नका. पोरगं पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. खिशातला कांदा राहू द्या, त्यानं नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

प्रत्येक काळवंडलेली, फोड आलेली कातडी उन्हानंच भाजलेली असते असंही नाही, हे आपल्या भागातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. जंगलात गेलेल्या पोरांच्या अंगावर बिबा उततो, त्याचेही फोड येतात. पण ते आडवेतिडवे, ओघळ गेल्यासारखे असतात, हातांवर आणि तोंडावर असतात, आणि त्यांना आगीसोबत खाज फार असते. एखादं मूल पाच-दहा मिनिटांच्या कोवळ्या उन्हातही भाजत असेल, तर ते नाजूक म्हणून सोडून देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि उन्हात असा एखादा दिवस घालवलेला नसताना दोन्ही हातांची मागची बाजू आणि गळ्याभोवतीचा पट्टा सारखाच काळा, खरखरीत होत असेल, सोबत जुलाब असतील, तर ती ब-३ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. वर्षभर फक्त ज्वारीवर भागवणाऱ्या घरांत हे पूर्वीपासून दिसत आलंय. त्याला मलम लागत नाही, जेवण बदलावं लागतं.

तुमच्या मुलाच्या पाठीवर आता जे गडद-फिकट पट्टे आहेत, ते बहुतेक काही महिन्यांत आपोआप जुळून येतील. ते घालवायला काही चोळू नका. नव्या कातडीला ऊन चटकन लागतं, तेवढं काही आठवडे सांभाळा.

घरी बोलायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. ‘दवाखान्यात जायचं का’ असा प्रश्न टाकला की घरात दोन पक्ष पडतात. त्याऐवजी आधीच ठरवून घ्या. एखाद्या निवांत संध्याकाळी यजमानांना म्हणा, ताप १०२ च्या वर गेला, लघवी थांबली, उलटी थांबेना किंवा पोर सुस्त झालं तर मी विचारणार नाही, निघेन. बाकी सगळं घरी करीन. या चार गोष्टी कागदावर लिहून थर्मामीटरच्या डबीत ठेवा. मला वाटतं ते ऐकतील. तुम्हाला घाबरट म्हणणाऱ्या माणसालाही नेमकं काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. सासूबाईंना लोणी लावू नका असं नुसतं म्हणू नका, त्यांच्या हाती फडकं आणि बादली द्या. नातवासाठी काहीतरी करावं, हीच त्यांची ओढ होती.

जूनच्या शेवटी शाळा उघडेपर्यंत पोरं तलावावर जाणारच. जाऊ द्या. वेळ तेवढी बदला. एक साधी खूण पोरांनाही शिकवता येते. आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की उघड्या अंगानं राहायचं नाही. मे महिन्यात ते साधारण नऊ ते साडेतीन एवढा वेळ असतं, आणि महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवतपा लागायच्या सुमाराला, आपल्याकडे भर दुपारी सावली पायांखालीच जाते. ढग असले तरी हाच नियम. पोहताना गडद रंगाचा, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू द्या. पांढरा पातळ बनियन भिजला की त्यातून किरण आरपार जातात. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० चं घ्या, निघायच्या वीस मिनिटं आधी मान, कान, चेहरा, पायांना लावा आणि पाण्यातून निघाल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते नको. परवडत नसेल तर हळहळू नका, शर्ट, टोपी आणि वेळ यांनी बहुतेक काम होतं.

सकाळी साडेसहाला निघालेली पोरं साडेआठपर्यंत मनसोक्त पोहून घरी येतात. सोबत पाण्याची बाटली द्या, आणि काठावर एक पोहता येणारं मोठं माणूस बसलेलं असू द्या. मामा तलावांत गाळ खोल असतो आणि पाय कुठे रुततो ते वरून दिसत नाही.